विषय आपला, कादंबरी फसलेली

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

‘ताई, आमचा दहा-बारा जणींचा वाचनगट आहे. दर महिन्याला एक पुस्तक ठरतं, सगळ्या ते वाचतात आणि भेटून त्यावर बोलतात. या वेळचं पुस्तक माझ्या जवळच्या मैत्रिणीनं सुचवलं. चार स्त्रियांच्या एकमेकींत गुंतलेल्या आयुष्यांची कादंबरी आहे. एक डॉक्टर, एक गृहिणी, एक वृद्ध विधवा आणि एक कॉलेजातली मुलगी. प्रकरणं आळीपाळीनं चौघींची आणि शेवटी एका जुन्या पत्रामुळे चौघींचे धागे जुळतात. मी मोठ्या अपेक्षेनं वाचायला घेतली आणि कशीबशी शेवटापर्यंत रेटली. चौघी एकाच आवाजात बोलतात. प्रत्येकीच्या वाट्याला एकेक मोठं दुःख, पुरुष एकतर दुष्ट नाहीतर बिनचेहऱ्याचे, आणि शेवटी सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र सगळ्या भारावून गेल्या आहेत. मैत्रिणीनं तर लिहिलं की, त्या गृहिणीत तिला स्वतःची मोडलेल्या लग्नाची वर्षं दिसली. पुढच्या भेटीत चर्चा सुरू करायची पाळी नेमकी माझी आहे. खरं बोलले तर ती दुखावेल. बायकांच्या दुःखावरचं पुस्तक मला भिडलं नाही, म्हणजे माझंच मन कोरडं झालंय का, असंही वाटतं. गप्प बसू? थोडं खोटं कौतुक करू? की गटच सोडू? हल्ली सारखी अशीच पुस्तकं निवडली जातात.’

तुमचं मन कोरडं झालेलं नाही. हे आधी सांगते, कारण पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांवर या एका शंकेची सावली पडली आहे. मन कोरडं झालेला वाचक पुस्तक मिटतो आणि विसरून जातो. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत आणि अजून त्यावर विचार करताय. शिवाय तुमची तक्रार काय आहे ते बघा. त्या डॉक्टर बाईला डॉक्टरची नजर असावी, त्या वृद्ध बाईला तिच्या वयाची आणि अनुभवाची भाषा मिळावी, कॉलेजातल्या मुलीच्या तोंडून लेखकाचे विचार येऊ नयेत, असं तुम्हाला वाटत होतं. ही तक्रार त्या चौघींच्या बाजूनं केलेली आहे.

मग अपराधी का वाटतंय? पुस्तकाचा विषय आणि पुस्तकाची घडण या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींना चिकटल्या आहेत, असं मला वाटतं. विषय मोलाचा आहे म्हणून पुस्तक चांगलं असलंच पाहिजे, आणि ते नावडलं तर त्या विषयाशी, त्या बायकांशी आपण प्रतारणा केली. हे समीकरण तुम्ही एकट्या मांडत नाही. अनेक वाचनगटांत ते कुणी न बोलता मान्य केलेलं असतं.

त्यामागे कारणंही आहेत. इंग्लिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फनं 1929 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात एक निरीक्षण नोंदवलं होतं. युद्धावरचं पुस्तक आलं की समीक्षक ते महत्त्वाचं धरतात आणि दिवाणखान्यात बसलेल्या बाईच्या भावनांवरचं आलं की क्षुल्लक. केवळ विषयावरून. त्याच निबंधात तिनं असंही दाखवून दिलं की कादंबऱ्यांतल्या स्त्रिया जवळजवळ नेहमी पुरुषांशी असलेल्या नात्यातूनच दिसतात. दोघी एकमेकींना आवडतात, एकत्र काम करतात, असं चित्र तिला फार विरळ दिसलं होतं. मराठीत 1933 मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, मनाजोगतं लग्न आणि मनाजोगतं जगणं यांच्यात अडकलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे आलं होतं. केवढं वादळ उठलं! ही लेखिका कोण याचा शोध सुरू झाला, असं लिहावं का यावर वाद झाले. कथा कशा लिहिल्या आहेत, हे विचारायला फारशी उसंत कुणाला राहिली नाही. टोपणनावामागच्या मालती बेडेकर पुढे सगळ्यांना कळल्या, पण बाईनं बाईबद्दल लिहिलेलं पुस्तक आधी विषय म्हणून तपासलं जातं, ही सवय काही लगेच गेली नाही.

इतकी वर्षं ज्या विषयाला कमी लेखलं गेलं, त्याला आता नुसत्या विषयासाठी डोक्यावर घ्यावंसं वाटणं मी समजू शकते. पण ती तीच चूक आहे, उलट्या दिशेनं केलेली. दोन्ही वेळा पुस्तकाचा निकाल पुस्तक न वाचताच लागतो. बायकांच्या आयुष्यावरच्या कादंबरीला सवलतीचे गुण देण्यात मला त्या विषयाचा आदर दिसत नाही. युद्धकथेतला सैनिक पुठ्ठ्याचा निघाला तर आपण तसं बेधडक म्हणतो. चौघींच्या कादंबरीलाही तेवढ्याच कसून वाचण्याचा मान मिळायला हवा.

आता ‘आवडली नाही’ यापलीकडे जाऊ या, कारण एवढ्या वाक्यावर चर्चा उभी राहत नाही. नेमकं कुठे बिनसलं?

अनेक आयुष्यांची कादंबरी हा लिहायला फार अवघड प्रकार आहे. साधा हिशेब करून बघा. चारशे पानं चौघींत वाटली की एकेकीच्या वाट्याला शंभर येतात आणि तीही सलग नसतात. म्हणजे एका दीर्घकथेएवढ्या जागेत लेखकाला एक आयुष्य उभं करायचं असतं, शिवाय दर दहा-पंधरा पानांनी वाचकाला ‘ही ती बरं का’ अशी आठवणही द्यायची असते. या घाईत एक सोपी वाट समोर असते. प्रत्येकीला एकेक जखम द्यायची. एकीला नवरा मारतो, एकीचं मूल गेलेलं असतं, एकीनं तरुणपणी काहीतरी लपवलेलं असतं. जखम दिली की बाई लक्षात राहते, पण ती जखमेच्या नावानं लक्षात राहते. तुम्ही ‘एकेक मोठं दुःख’ म्हटलंत ते बहुधा हेच. अशी दुःखं जगात नाहीत असं तुम्ही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. प्रश्न असा की, त्या दुःखाच्या आधी ती बाई कोण होती? तिला कशाचं हसू यायचं, ती कुणावर जळायची, कोणती गोष्ट मनापासून करायची, कुठल्या बाबतीत कद्रू होती? हे कादंबरीत कुठे नसेल तर दुःख नेमकं कुणाला झालं तेच आपल्याला कळत नाही, आणि मग रडू येत नाही म्हणून आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

पुरुषांबद्दल तुम्ही म्हणता तेही याच घाईचं दुसरं टोक असतं. दुष्ट नवरा लिहायला एक परिच्छेद पुरतो. कधी प्रेमळ, कधी भेकड, वेळेला निर्दय असा नवरा लिहायला पानं लागतात. तसा लिहिला की बाईचं त्या घरात राहणं किंवा घर सोडणंही समजायला अवघड आणि म्हणूनच खरं वाटायला लागतं. पुरुष सपाट झाले की बायकांचे निर्णयही सपाट होतात, ही गोष्ट चर्चेत काढण्यासारखी आहे.

मग ही गुंफण हवी तरी कशाला? वेणीचा प्रत्येक पेड दुसऱ्या पेडांना ताण देतो म्हणून वेणी टिकते. नुसते शेजारी ठेवलेले पेड म्हणजे सुटे केस. जॉर्ज एलियट या नावानं लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन इव्हान्सची ‘मिडलमार्च’ ही इंग्लिश कादंबरी 1871-72 मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली. मुळात त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक गावात नव्यानं आलेल्या तरुण डॉक्टरची, आणि दुसरी डोरोथिया ब्रुक नावाच्या, काहीतरी मोठं करू पाहणाऱ्या मुलीची. लिहिता लिहिता लेखिकेनं त्या एकत्र केल्या. पण हे जोडकाम शेवटाकडे अशा जागी पोचतं की, जोड नसती तर तो प्रसंग घडूच शकला नसता. डोरोथिया डॉक्टरच्या बायकोला, रोझमंडला भेटायला जाते. जाते ती डॉक्टरची बाजू समजावून सांगायला, आणि तेव्हा ती स्वतः आतून पार मोडलेली असते. रोझमंड स्वार्थी आहे, आणि त्या भेटीनंतरही ती बहुतांशी स्वार्थीच राहते. पण त्या एका भेटीत डोरोथियाच्या मनाचा मोठेपणा तिला पेलवत नाही आणि तिच्या तोंडून खरं निघून जातं. डोरोथियाचा ज्याच्यावर जीव आहे, त्याचं मन डोरोथियापाशीच आहे, हे ती सांगून टाकते. दोघी त्या प्रसंगात एकमेकींना घट्ट धरतात, रडतात.

म्हणजे शेवटी बायकांनी एकमेकींच्या गळ्यात पडणं हा काही दोष नाही. त्या मिठीपर्यंत पोचायला दोघींनी काय मोजलं, आणि मिठी सुटल्यावर दोघींचे दोष शिल्लक राहतात की धुऊन निघतात, हे विचारायचं. तुमच्या कादंबरीतलं जुनं पत्रही याच कसोटीला लावून बघा. योगायोगानं गोष्ट सुरू झाली तर वाचक ते खपवून घेतो. चौघींची आयुष्यं अडलेली असताना त्या सगळ्या अडचणी एका कागदानं सोडवल्या की, त्या चौघींनी चारशे पानं जे सोसलं आणि जे ठरवलं त्याला काही किंमत उरत नाही. पत्र काढून टाका आणि विचारा, चौघींपैकी कुणाचं काय अडतं?

भेटीला अजून अवकाश असेल तर पुस्तक पुन्हा हातात घ्या, सगळं वाचण्यासाठी नाही. एकीची, समजा त्या विधवा बाईची, प्रकरणं तेवढी सलग वाचा, मधली सगळी सोडून. काही तुटल्यासारखं वाटलं, एखादी गोष्ट समजेनाशी झाली, तर गुंफणीला अर्थ आहे. काहीच अडलं नाही, उलट जास्त आवडलं, तर चार दीर्घकथा कापून एकमेकींत खोवल्या आहेत असं समजा. मग एखादं प्रकरण सुरुवातीचं नाव झाकून अर्धं पान वाचा. कोण बोलतंय ते कळतं का? बोलीतले दोन-चार शब्द वेगळे टाकले म्हणजे आवाज वेगळा झाला, असं समजू नका. खोलीत शिरल्यावर हिची नजर आधी कशावर जाते, ती काय बोलायचं टाळते, तिचं वाक्य कुठे तुटतं, हे बघा. डॉक्टर बाई समोरच्या माणसाची चाल आणि डोळ्यांखालची सूज बघेल. जिनं घर सांभाळलंय ती त्या खोलीत कुणाचा हात फिरलाय नि कुणाचा नाही ते ओळखेल. चौघींना खिडकीतून दिसणारा तोच उदास पाऊस दिसत असेल तर तुमचं म्हणणं खरं आहे, आणि आता ते पानासकट सांगता येईल.

हे करताना एका शक्यतेला जागा ठेवा. कदाचित काही दोष पुस्तकाचा नसून वाचण्याच्या पद्धतीचा असेल. बहुतेक जणी अशा कादंबऱ्या दिवसभराची कामं आटोपून, रात्री थोडी थोडी पानं अशा वाचतात, त्यात भेटीची तारीख जवळ आलेली. एकाच नायिकेची कादंबरी असं तुकड्यांचं वाचन सोसते. चार नायिकांची सोसत नाही. दर वेळी आपण कुठे होतो ते आठवण्यातच जीव जातो आणि चौघी एकसारख्या वाटायला लागतात. पुस्तक अनुवादित असेल तर आणखी एक शक्यता आहे. मूळ भाषेत चौघींच्या बोलण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतील आणि अनुवादात सगळ्यांना तीच प्रमाण भाषा मिळाली असेल. आणि हो, जवळच्या मैत्रिणीनं ‘वाचच’ म्हणून हातात दिलेल्या पुस्तकाकडून आपण त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागतो. हे सगळं जमेस धरूनही मत तेच राहिलं तर ते तुमचं मत आहे, आणि ते निर्धास्तपणे बाळगा.

आता त्या भेटीविषयी. ‘सगळ्या भारावून गेल्या आहेत’, असं तुम्ही लिहिलंय. मला याची खात्री वाटत नाही. पहिल्या दोघींनी डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिल्यावर तिसरीला ‘मला कंटाळा आला’ असं लिहिण्याची हिंमत कुठून येणार? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यानं 1950च्या दशकात केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना रेघांची लांबी ओळखायची होती. उत्तर अगदी उघड होतं, पण खोलीतली बाकीची माणसं ठरवून एकमुखानं चुकीचं उत्तर देत होती. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या बहुमतामागे गेली. आणि एकच माणूस जरी बरोबर उत्तर देणारा निघाला, तरी हे प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पुस्तकाच्या आवडीला रेघेसारखं एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून तुमच्या मैत्रिणी चूक आणि तुम्ही बरोबर असा याचा अर्थ काढू नका. पण एका वेगळ्या आवाजानं इतरांना स्वतःचं खरं बोलायला जागा मिळते, एवढं यातून नक्की घेता येतं. तुम्ही बोललात तर आणखी एक-दोघी हळूच म्हणतील, ‘मलाही मधलं जरा लांबलं असं वाटलं.’ त्यांच्यासाठीही बोला.

पण सुरुवातीलाच निकाल देऊ नका. चर्चा उघडण्याची पाळी आहे, म्हणजे पहिली अर्धी वेळ तुम्ही यजमान आहात. सुरुवात करणाऱ्यानं आधीच मत टाकलं की पुढच्या सगळ्या एकतर त्याला दुजोरा देतात नाहीतर बचाव करत बसतात. त्यापेक्षा असा प्रश्न ठेवा ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही. ‘चौघींपैकी कुणाबद्दल आणखी शंभर पानं वाचायला आवडली असती, आणि कुणाबद्दल नाही?’ हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यात कौतुक आणि नाराजी दोन्ही आपोआप बाहेर येतात, आणि कुणालाच बचाव करावा लागत नाही. ‘पुस्तक संपल्यानंतर वर्षभरानं या चौघी कुठे असतील?’ हाही चांगला आहे. गोड शेवटावर ज्यांचा विश्वास बसलेला नाही, त्या इथे सापडतील. दोन वेगवेगळ्या प्रकरणांतला एकेक परिच्छेद नाव न सांगता मोठ्यानं वाचून दाखवता येईल आणि ही कोण असं विचारता येईल. मात्र हा शेवटचा प्रयोग, तुमचं म्हणणं चुकीचं ठरण्याची तयारी असेल तरच करा. गटाला कात्रीत पकडण्यासाठी विचारलेले प्रश्न लगेच ओळखू येतात, आणि सरळ टीकेपेक्षा ते जास्त बोचतात.

उत्तरार्धात मात्र तुमचं मत सांगा. इथे माझा आग्रह आहे. नुसते प्रश्न विचारून स्वतःचं मत झाकून ठेवणं हा सौजन्याचा प्रकार वाटतो, पण मैत्रिणींनी मन उघडं केलं असताना एकटीनंच ते झाकून ठेवलं, तर त्याला मी सौजन्य म्हणणार नाही. ‘तुला कशी वाटली?’ असं कुणी विचारलं तर ‘माझी निराशा झाली’ इतकं सरळ म्हणा, आणि लगेच कुठे ते पान काढून दाखवा. ‘त्या मुलीचं हे पान वाचताना मला ती दिसेना, लेखक दिसला.’ ‘मला त्या विधवा बाईबरोबर आणखी राहायचं होतं, आणि दर वेळी प्रकरण संपत होतं.’ ही वाक्यं टीकाच आहेत, पण ती ऐकल्यावर समोरची ‘कुठे? दाखव’ असं म्हणते, ‘तुला काय कळतंय’ असं नाही. ‘अशी पुस्तकं’, ‘बायकांची पुस्तकं’, ‘हल्लीचे लेखक’ असे शब्द कटाक्षानं टाळा. तुमचं भांडण एका पुस्तकाशी आहे.

राहिली मैत्रीण. मला या पत्रात सर्वांत जास्त काळजी तिची वाटली. तिनं गृहिणीमध्ये स्वतःची मोडलेल्या लग्नाची वर्षं पाहिली, आणि ते अनेकींच्या देखत लिहिलं. तिच्यासाठी हे पुस्तकाचं परीक्षण नव्हतंच. तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि कादंबरीनं तिला ते सांगायला निमित्त दिलं. सुमार पुस्तकंही हे काम करतात. एखादं वाक्य, एखादा दार लावून घेण्याचा प्रसंग, आणि आपल्या आत बंद असलेलं काही उघडतं. त्या अनुभवाला पुस्तकाच्या दर्जाशी काही देणंघेणं नसतं, आणि त्याचं खरेपणही त्यामुळे कमी होत नाही. म्हणून तिला जे मिळालं ते खरं आणि तुम्हाला जे मिळालं नाही तेही खरं, हे दोन्ही एकाच टेबलावर राहू शकतं.

तेव्हा भेटीच्या आधी तिच्याशी बोला. पुस्तकावर नको. ‘तू लिहिलंस ते वाचलं. कुठला प्रसंग होता?’ एवढं विचारा आणि ऐका. तिनं सांगितलं ते ऐकून झाल्यावर, तिच्या बोलण्यात भर टाकण्याची किंवा कादंबरीकडे वळवण्याची घाई करू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तिला सांगा, की कादंबरी म्हणून तुम्हाला ती पटली नाही आणि भेटीत तुम्ही तसं बोलणार आहात. गटापुढे पहिल्यांदाच कळणं आणि आधी एकटीला कळणं यात तिच्यासाठी फार मोठा फरक आहे. भेटीत गृहिणीच्या प्रकरणांवर तुम्ही बोलू नका. बाकी तिघींबद्दल पुरेसं आहे बोलण्यासारखं. इथे मी तुम्हाला थोडं हातचं राखायला सांगते आहे हे मला कळतंय, पण त्या पानांवर आता तिचं आयुष्य ठेवलेलं आहे, आणि त्यावर शेरा मारून चर्चेला काही मिळणार नाही.

इतकं करूनही ती थोडी दुखावेल, ही शक्यता आहे. पुस्तक सुचवणं ही जवळिकीची गोष्ट असते. आवडलेलं पुस्तक कुणाच्या हाती दिलं की आपण स्वतःच त्याबरोबर तोलले जातो असं वाटतं. पण पुढे मागे तिनं तुम्हाला ‘खरंच आवडली होती का?’ असं विचारलं आणि तेव्हा खोटं उघडं पडलं, तर तिला पुस्तकाबद्दल वाईट वाटणार नाही. तिनं आपलं मन उघडं केलं तेव्हा आपली मैत्रीण नाटक करत होती, याचं वाटेल. खोट्या कौतुकाच्या पर्यायाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

इतर वाचनगटांतही हाच पेच येतो, म्हणून पुस्तक निवडण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. ‘हल्ली सारखी अशीच पुस्तकं’, हे तुमचं शेवटचं वाक्य मला पत्रातलं सर्वांत व्यवहारी वाक्य वाटलं. एकीला आवडलेलं, बाकीच्यांनी ऐकलेलं, आणि विषय जिव्हाळ्याचा, अशा निकषांवर गट पुस्तकं निवडत राहिला की तीच कादंबरी वेगवेगळ्या मुखपृष्ठांत परत परत येते. सुचवणाऱ्यानं निवडीच्या वेळी पुस्तकातलं एक पान वाचून दाखवावं, अशी रीत पाडून बघा. विषयाचा गोषवारा ऐकून सगळ्याच कादंबऱ्या चांगल्या वाटतात. पान वाचल्यावर आवाज कळतो. मधूनच एखादा कथासंग्रह, एखादं आत्मचरित्र, एखादी जुनी, वाद झालेली कादंबरी आणा. गुंतलेल्या आयुष्यांची कादंबरी निवडली तर तिला दोन भेटी द्या, म्हणजे कुणाला रेटून वाचावं लागणार नाही. आणि ज्यांना पुस्तक पुरं करवलं नाही त्यांनाही भेटीला मोकळेपणानं येऊ द्या. नेमकं कोणत्या पानाशी सोडलं, हे सांगणारी वाचक चर्चेला फार काही देऊन जाते.

गट सोडायचा का? आत्ता नाही, आणि या पुस्तकावरून तर नाहीच. तुम्ही गटाला तुमचं खरं मत अजून एकदाही ऐकवलेलं नाही. तेव्हा गट ते ऐकून घेतो की नाही, हे तुम्हाला अजून ठाऊकच नाही. ही भेट आणि त्यानंतरच्या एक-दोन भेटी बघा. तुमचं वेगळं मत ऐकून कुणी पान उलटून परत वाचतंय का, कुणी तुमच्याशी नीट वाद घालतंय का? तसं होत असेल तर पुस्तकं कशीही असोत, गट टिकवण्यासारखा आहे. तुम्ही बोललात की शांतता पसरते, विषय बदलतो, आणि मागाहून ‘तिला काही आवडतच नाही’ असं कानावर येतं, असं वारंवार घडलं तर मग दुसऱ्या वाचक मैत्रिणी शोधा. एक-दोघी असल्या तरी पुरतात. त्यातली एक कदाचित याच गटात, याच भेटीत, तुमच्या पाठोपाठ बोलेल.